झांज विरेपर्यंत

माझ्या धाकट्या भावाच्या मते जगात वाईट कॅसेट नसते, वाईट स्पीकर असतात. चौतीस वर्षं तो हेच सांगत आला. कॅसेट त्याची स्वतःची होती, त्यामुळे आम्ही घरातले कुणी वाद घालत नसू.

तो रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. मित्र त्याला ठोक्या म्हणायचे. गाणाऱ्याचं नाव पडलं होतं घोगऱ्या, कारण त्याचा आवाज सकाळी झोपेतून उठल्यासारखा होता आणि दिवसभर तसाच राहायचा. बँडमध्ये तेच त्याचं भांडवल. आणखी दोघे गिटारवाले होते. त्यांतला एक दूरदेशी गेला, एक जगातूनच गेला. सहा वर्षं हे चौघे आमच्या घराच्या मागच्या खोलीत तालीम करायचे. भिंतींना जुन्या रजया टांगलेल्या असत. मी पुढच्या खोलीत सातवीच्या वह्या तपासत बसायचे, कानांत कापूस घालून. माझ्या कानांत घातला. भावाच्या कानांत घालावा असं मला एकदाही सुचलं नाही.

त्यांनी चार गाणी ध्वनिमुद्रित केली, दोन दिवसांत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाजवायचं सगळं संपलं आणि फक्त आवाजांचा मेळ घालायचा राहिला. म्हणजे गळा किती पुढे, गिटार किती मागे, झांजांना धार किती. नेमका तेव्हाच ध्वनिमुद्रण करणारा माणूस तापाने पडला. भाऊ सकाळपासून ड्रम बडवून घामाघूम झाला होता. तो म्हणाला, "मला माहीत आहे काय हवंय ते," आणि त्या माणसाच्या खुर्चीत जाऊन बसला.

जी कॅसेट निघाली, ती लावली की वाटायचं, कुणीतरी पत्र्यावर खिळ्यांचं पोतं ओततंय. घोगऱ्याने पहिलं गाणं आमच्या घरी उभ्यानेच ऐकलं. मग कॅसेट बाहेर काढली, टेबलावर ठेवली, "माझा गळा किसणीवर किसलास तू," म्हणाला आणि गेला. बँड तिथेच मोडला. भाऊ कितीतरी दिवस मला विचारत राहिला, "ताई, मला तर उत्तम ऐकू येतंय. त्याचे कान फुटलेत का?" भेटेल त्याला तो हेच सांगायचा आणि घोगऱ्याच्या कानावर ते जायचंच.

आणि परवा अचानक घोगऱ्याचा फोन आला. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्या शहरात येणार होता. रविवारी सकाळी मोकळा होता. म्हणाला, "माझ्याकडची कॅसेट केव्हाच तुटली. तुझ्याकडे असली तर एकदा ऐकव. मरायच्या आधी बघू तरी, इतकी वाईट होती का."

भाऊ लगेच माझ्याकडे आला.

"ताई, स्पीकर घ्यायचेत. रविवारच्या आत."

"मला काय कळतं त्यातलं?"

"तू विज्ञान शिकवलंस ना?"

"सातवीपर्यंत."

"मग सातवीपर्यंतचं सांग."

त्याच्याबरोबर आलेली त्याची बायको माझ्या स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. ती म्हणाली, "घेऊन जाच ताई यांना. आणि जमलं तर असे स्पीकर आणा, की कपडे धुवायचं मशीन शिट्टी मारेल तेव्हा हे उठून बंद करतील. मी आंघोळीत असले तरी बोंबलत राहतं ते बिचारं."

"मशीनची शिट्टी नवऱ्यांना ऐकू येत नाही," भाऊ म्हणाला. "निसर्गनियम आहे."

आम्ही तिघे हसलो. मीही हसले, हे मुद्दाम सांगून ठेवते.

दुकानात ऐकण्यासाठी वेगळी खोली होती. खाली जाड गालिचा, एक सोफा, समोर भिंतीशी स्पीकरच्या जोड्या. दुकानदाराने मला पाहिलं आणि हातातली वायर खाली ठेवून वर्गात उभं राहावं तसा उभा राहिला.

"बाई."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. टक्कल, चष्मा, थोडं पोट. कानाची पाळी मात्र ओळखीची होती.

"तिसऱ्या बाकावरून पहिल्या बाकावर आणलेला," मी म्हणाले.

"तोच. डावा कान." तो हसला. "बघा ना बाई, धंदाही कसला निवडला. लोकांना दोन-दोन स्पीकर विकतो आणि स्वतः एकाच कानाने ऐकतो."

भावाने कॅसेटवरची गाणी मोबाइलमध्ये उतरवून घेतली होती. दुकानदाराने आधी उंच, सडपातळ, चकचकीत जोडी लावली. पहिल्या झांजेलाच माझी दाढ ठणकली. खरंच सांगते, कान नाही, दाढ. भावाचा चेहरा मात्र असा फुलला, की त्याचं लग्न ठरलं तेव्हाही इतका फुलला नव्हता.

"ऐकलंस? झांज ऐकलीस?"

"ऐकली," मी म्हणाले.

"काका, हे स्पीकर सत्यवचनी आहेत," दुकानदार जपून म्हणाला. "रेकॉर्डिंग चांगलं असलं तर सोनं. नसलं तर भर दरबारात साक्ष देतात."

"रेकॉर्डिंग चांगलंच आहे."

"म्हणजे, आडातच नसलं तर पोहऱ्यात..."

"आडात भरपूर आहे. तू काळजी करू नकोस."

मग दुकानदाराने दुसरी जोडी लावली. रुंद, बुटकी लाकडी खोकी, पुढे तपकिरी कापड. जुन्या घडणीची. "हे जरा समजूतदार आहेत," तो म्हणाला. "वरच्या पट्टीतलं जे बोचतं ते पोटात घालतात."

तेच गाणं पुन्हा सुरू झालं आणि मला प्रथमच त्यातले शब्द कळले. घोगऱ्याचा गळा होता तसा आला, खरखरीत आणि ऊबदार, लोकरीच्या कपड्यासारखा. झांजाही होत्या, पण आपल्या जागी, लांबून कुणी नाण्यांची पिशवी हलवावी तशा. सहा वर्षं भिंतीपलीकडून मी हेच ऐकलं होतं. मला वाटलं, सुटलो. हेच स्पीकर घ्यायचे, रविवारी लावायचे, विषय संपला.

मी वळून पाहिलं तर भावाच्या कपाळाला आठ्या.

"बंद कर रे. यांच्या तोंडावर रजई घातलीय का?"

"का काका?"

"झांज कुठाय? एकही नाही. मग मी काय हवेत हात हलवत होतो?"

मी म्हणणार होते, आहेत की झांजा. पण दुकानदाराने माझ्याकडे पाहून हलकेच नकारार्थी मान हलवली. भाऊ बायकोला फोन करायला बाहेर गेला, टीव्हीच्या कोपऱ्यात किती रुंद खोकं मावेल ते मोजायला सांगायला. दार बंद झालं.

दुकानदार हळूच म्हणाला, "बाई, ते घड्याळ अजून आहे?"

त्या घड्याळाचं सांगायला हवं. आमच्या अण्णांचं किल्लीचं मनगटी घड्याळ. दर वर्षी शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात मी एकेका मुलाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे आणि लांबून ते घड्याळ घेऊन हळूहळू जवळ जायचे. टिकटिक ऐकू आली की हात वर करायचा, ऐकू येईनाशी झाली की खाली. मुलांना तो खेळ वाटायचा. बहुतेकांचा हात मी कपाटापाशी असतानाच वर जाई. पण तीस वर्षांत अशी अकरा मुलं सापडली, जी खोडकर नव्हती, लक्ष न देणारी नव्हती, त्यांना फक्त ऐकू येत नव्हतं. हा त्यांतला चौथा.

"काकांचं घेतलं होतं कधी?" त्याने विचारलं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी सोफ्यावर बसून राहिले आणि सगळं एकापाठोपाठ एक जागेवर बसत गेलं. मशीनची शिट्टी. फोनवर नातवंडं पुटपुटतात ही त्याची तक्रार. आणि ती तापाने पडलेल्या माणसाची खुर्ची. दिवसभर झांजा कानाशी वाजवून उठलेला माझा भाऊ तिथे बसला, त्याला झांज ऐकू येईना, म्हणून तो ती ऐकू येईपर्यंत धार वाढवत गेला. त्याने काम चुकीचं केलं नव्हतं. त्याच्या कानांना ते बरोबरच होतं. उरलेल्या जगाच्या कानांचं काय, हे त्याला कळायचा मार्गच नव्हता.

"काकांना आवडतील त्या स्पीकरवर पाहुणे उठून जातील," दुकानदार म्हणाला. "पाहुण्यांना आवडतील त्यावर काकांना स्वतःचं वाजवणंच सापडणार नाही. दोघांना पुरेल असा स्पीकर माझ्याकडे नाही बाई. असता तर मी आधी स्वतःच्या घरी नेला असता."

"आणि कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तर?"

"न्यायलाच हवं. पण यंत्र रविवारच्या आत येत नाही. आणि त्यातून झांज कशी लागते ते मला विचारा. बशीवर चमचा पडल्यासारखी."

भाऊ दार उघडून आत आला. "पहिलेच. बांध."

दुकानदाराने चष्मा पुसला. शाळेत उत्तर येत नसलं की तो असाच पाटी पुसत बसायचा. मग म्हणाला, "काका, दोन्ही जोड्या घेऊन जा. दुकानातलं ऐकणं वेगळं, घरातलं वेगळं. सोमवारी एक परत पाठवा." त्याला जे करता येण्यासारखं होतं ते त्याने केलं.

तीन दिवस ते घड्याळ माझ्या पर्समध्ये होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लहान बाकांवर अवघडून बसलेल्या आईबापांना मी ही बातमी अकरा वेळा सांगितली आहे. कुठे थांबायचं, पाण्याचा पेला केव्हा पुढे करायचा, सगळं मला पाठ होतं. पण ते सगळं मुलांसाठी होतं. मुलांना म्हणता येतं, उद्यापासून पहिल्या बाकावर बस. साठ वर्षांच्या माणसाला कुठल्या बाकावर बसवायचं?

शनिवारी दुपारी त्याने मला बोलावलं. दोन्ही जोड्या मांडलेल्या होत्या, रुंद खोकी एका बाजूला, सडपातळ मधोमध. तो चकचकीत जोडीवर दुसरं गाणं लावून बसला. त्याची बायको उठली, बाल्कनीत गेली आणि काचेचं दार ओढून घेतलं. मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले होते.

त्याने गाणं थांबवलं.

"ती का गेली?"

"कपडे वाळत घालायला."

"कपडे सकाळीच घातले." तो माझ्याकडे बघत राहिला. "ताई, खरं सांग. तुला टोचतं का हे?"

"हो."

"कुठे?"

"झांजेपाशी."

"आणि तिला?"

"तिलाही. सगळ्यांनाच."

"मला नाही टोचत," तो म्हणाला. हट्टाने नाही, लहान मुलाने गणिताचं वेगळं उत्तर आलं म्हणून सांगावं तसा.

मी पर्स उघडली. घड्याळ पाहून तो हसला. "अण्णांचं? अजून चालतं?"

"भिंतीकडे तोंड करून उभा राहा. ऐकू आलं की हात वर, बंद झालं की खाली."

"छडी आणलीयस का?"

"उभा राहा रे."

तो उभा राहिला, हात मागे बांधून, मान जरा तिरकी करून. मी दारापासून सुरुवात केली. कपाटापाशी आले. टेबलापाशी आले. टिकटिक मला स्वच्छ ऐकू येत होती, आणि माझं वय एकाहत्तर आहे. त्याच्या मागे वीतभर अंतरावर आले. घड्याळ उजव्या कानापाशी नेलं, मग डाव्या. मग पुन्हा उजव्या, इतक्या जवळ की केसांना लागेल.

"ताई, सुरू कर ना," तो म्हणाला.

त्या परीक्षेत मी कधी खोटं बोलले नव्हते. "थांब," मी म्हणाले, "किल्ली द्यायची राहिली."

तो वळला. मी मूठ मिटायच्या आत त्याने घड्याळ माझ्या हातातून घेतलं. कानाला लावलं. मग दोन बोटांच्या चिमटीत धरलं. ड्रम वाजवणाऱ्याची बोटं ती. ठोका त्यांना कळतोच.

"चालू आहे की," तो म्हणाला.

त्याने ते पुन्हा एकदा कानाला लावून पाहिलं.

"कधीपासून असेल गं?"

"मला नाही माहीत."

"शाळेतल्या पोरांचं तू दर वर्षी घ्यायचीस."

"हो."

"माझं नाही घेतलंस."

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. तीस वर्षं मास्तरीण होते, उत्तरं मला कमी पडत नाहीत. पण टोमणा नव्हता. तो फक्त आठवून बघत होता, कधी घेतलं होतं का ते.

बायको बाल्कनीतून आत आली. तो तिला म्हणाला, "मशीनची शिट्टी. ती खरंच ऐकू येत नव्हती."

ती आमच्या दोघांकडे बघत राहिली. "अहो, मी आपली चेष्टेत..." एवढं म्हणून ती खुर्चीत बसली आणि नंतर उगाचच पदराने टेबल पुसू लागली. स्वच्छच होतं ते.

संध्याकाळी त्याने स्वतःच चकचकीत जोडीच्या वायरी काढल्या, स्पीकर पुठ्ठ्याच्या खोक्यात परत भरले, चिकटपट्टी लावली. रुंद खोकी मधोमध आणली. मी मदतीला गेले तर म्हणाला, "त्याच्यासाठीच आणायचे होते ना. माझ्यासाठी नव्हतेच." मग जरा वेळाने, "त्याला सांगायचं नाही हं."

"लपवायचं कशाला? कान आहेत, चोरी नाही केलीस."

"चौतीस वर्षं त्याला सांगतोय ताई, तुझे कान खराब आहेत म्हणून."

मी उरलेली चिकटपट्टी उचलून खणात ठेवली.

रविवारी घोगऱ्या आला. हातात काठी, डोळ्यांवर काळा चष्मा. आवाज होता तसाच, सकाळी उठल्यासारखा.

"ठोक्या, केस कुठे गेले तुझे?"

"तुझे शोधायला."

दोघांनी मिठी मारली नाही. एकमेकांच्या दंडावर थोपटत उभे राहिले, आणि कुणी आधी थांबायचं ते त्यांना कळेना. शेवटी मीच म्हणाले, "बसा आता."

भावाने बसायच्या जागा आधीच ठरवल्या होत्या. घोगऱ्या सोफ्यावर, स्पीकरच्या बरोबर समोर. भाऊ बाजूच्या खुर्चीत. आणि मी त्या दोघांच्या पलीकडे स्टुलावर, फक्त भावाला दिसेन अशी. सकाळी तो मला म्हणाला होता, "ताई, झांज वाजली की बोट वर कर. विरली की खाली. निदान कुठे आहे ते तरी मला कळेल." चार गाणी, आणि माझ्या हाताला संधिवात. पण मी हो म्हणाले.

पहिलं गाणं झालं. घोगऱ्या मान खाली घालून ऐकत होता. माझं बोट वरखाली होत होतं आणि भावाची नजर त्यावरून हलत नव्हती. मुलं परीक्षेत फळ्याकडे बघतात तशी.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर घोगऱ्याने हात वर केला. "थांबव. जरा मागे घे."

ती ओळ पुन्हा वाजली.

"अजून एकदा."

पुन्हा वाजली. घोगऱ्याने काळा चष्मा काढला.

"मी उतरलोय इथे."

"कुठे उतरलायस?" भाऊ म्हणाला.

"सुरात नाहीये रे. आतापर्यंतच्या दोन्ही कडव्यांत नाहीये. तेव्हा त्या खणखणाटात कळलंच नाही. मला वाटायचं, गळा उत्तम लागला होता, ठोक्याने वाट लावली." तो थोडा हसला. "चौतीस वर्षं शिव्या घातल्या तुला. चांगल्या मनापासून."

"अजून घाल," भाऊ म्हणाला. "माझ्या झांजा तुझ्या कानाशी वाजत होत्या. तुला तुझाच आवाज कसा ऐकू येणार? चूक माझीच."

"ते असू दे. सूर माझा होता."

"अरे, नाही म्हणतोय ना मी."

"स्पीकर चांगले आणलेस," घोगऱ्या म्हणाला. ही शाबासकी होती की तक्रार, मला कळलं नाही. भावालाही कळलं नसावं. त्याला त्या माणसाचा गळा परत द्यायचा होता. तो दिलाही त्याने, आणि त्यातून हे निघालं. आता त्याच्या हातात काहीच नव्हतं. माझ्या हातात तर एक बोट होतं.

मी म्हणाले, "पुढचं लावा. उगीच एकाच ओळीपाशी बसू नका."

तिसरं झालं. चौथं सुरू झालं. या चौथ्या गाण्याचा शेवट भावाने सुचवला होता, मला आठवतं. मागच्या खोलीत त्यावरून भांडणही झालं होतं. सगळी वाद्यं एकदम थांबतात, गळाही थांबतो, आणि झांजेवर एकच ठोका पडतो. तो तसाच सोडून द्यायचा, विरेपर्यंत.

ठोका पडला. मी बोट वर केलं.

"हे मात्र काय सुरेख विरत जातं रे," घोगऱ्या डोळे मिटून म्हणाला. "ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," भाऊ माझ्या बोटाकडे बघत म्हणाला.

त्या जुन्या परीक्षेत काही मुलं हात खाली घ्यायला उशीर करायची. मी विचारायचे, अजून येतंय का ऐकू? ती म्हणायची, बाई, नक्की नाही सांगता येत. मी त्यांना रागवत नसे. तो आवाज मलाही आता येत होता की नव्हता, नक्की सांगता येईना. एकाहत्तरचे कान. घोगऱ्याची मान अजून तशीच झुकलेली होती, म्हणजे त्याला येत असावा. भाऊ वाट बघत होता. मी बोट वरच धरून राहिले.